सरतान

आठवीच्या विज्ञानात रोगांवरचा एक पाठ आहे. त्यात कॅन्सरचा परिच्छेद येतो. आमच्या उर्दू शाळेत तो 'सरतान' या नावाने शिकवायचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मी तो शिकवत होते. फळ्यावर पेशीचं, म्हणजे आमच्या 'खलिया'चं चित्र काढलं होतं. एक खलिया शिस्त मोडते, वाढतच राहते, असं सांगत होते. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील होडीवर जातात. म्हणाला, "मॅडम, सरतान तो केकडा होता है ना? हमारे जाल में रोज आता है."

वर्ग हसला. मीही हसले. सांगितलं, बरोबर आहे. सरतान म्हणजे खेकडाच. मराठीतला कर्करोग म्हणजेही खेकड्याचाच रोग. ग्रीकांचा हिपोक्रेटिस त्याला 'कार्किनोस' म्हणत असे, त्याचाही अर्थ खेकडा. गाठीभोवती शिरा फुगतात आणि खेकड्याच्या पायांसारख्या पसरतात, म्हणून हे नाव पडलं असं जुने हकीम सांगत. अरबीने तोच अर्थ घेतला, लॅटिननेही तोच. मुलं खूश झाली. तास संपला.

त्या तासाला माझ्या स्वतःच्या डाव्या छातीत रतांब्याच्या बीएवढी गाठ होती आणि ती मला महिनाभर माहीत होती.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई विज्ञान शिकवते, बी.एड. झालेली आहे, आणि गप्प बसते? मीही दुसरीला असंच म्हटलं असतं. पण गाठ दुखत नव्हती. दुखणं नसलेली गोष्ट पुढे ढकलायला माणसाला फार कारणं लागत नाहीत. जुलैत गणपतीनंतर बघू म्हटलं. गणपतीनंतर सहामाही परीक्षा आली. मालवणात असल्या तपासणीला कोण बाई डॉक्टर आहे, ते कोणाला विचारायचं, हाही प्रश्न होता, कारण विचारलं की गावभर होणार. नवरा कुवेतला. तो शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की फोन करतो. त्या फोनवर बाजूला सासूबाई असतात, मुलगी असते. तिथे हे कसं बोलायचं? मुलगी नऊ वर्षांची होती. उद्या तिचं लग्न ठरवताना कोणी म्हणेल, आईला तो आजार होता. हा विचार मी खरोखर केला होता, नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत. लाज वाटते लिहिताना.

पुढे आजारपणात वाचायला वेळ मिळाला तेव्हा अतोसाची गोष्ट वाचली. ती इराणची मलिका, दारयवहूची बायको, अडीच हजार वर्षांपूर्वीची. हेरोडोटसने लिहून ठेवलंय की तिच्या छातीवर गाठ आली, आणि ती लहान होती तोवर तिने लाजेने कोणाला सांगितलं नाही. पसरल्यावर मग डेमोसेडिस नावाच्या ग्रीक वैद्याला दाखवली. मलिकेची ही गत, तर मालवणातल्या मास्तरणीचं काय!

मी सांगितलं ते नोव्हेंबरात, आणि सांगितलं मासळी बाजारात.

माझी एक बालमैत्रीण आहे. आमचं माहेर तिच्या घराला लागून. सातवीत तिची शाळा सुटली आणि ती आईच्या पाटीवर बसली. मी शिकत गेले. पण मासे मी तिच्याकडूनच घेते, आणि ती मला कधी योग्य भाव लावत नाही, एक तर फुकट देते नाहीतर दुप्पट मागते. त्या दिवशी ती सुरमई कापत होती. मान वर न करता म्हणाली, "काय गो, तोंड असा कित्याक केलंस?" मी म्हटलं काही नाही. मग काय झालं कोण जाणे, खाली वाकून तिच्या कानात सांगून टाकलं. चार महिन्यांत घरात जे तोंडातून निघालं नाही ते तिथे, लिलावाच्या गोंगाटात, दोन वाक्यांत निघालं.

तिने कोयता खाली ठेवला. हात पाण्यात धुतले, पदराला पुसले. "माका आदी कित्याक सांगूक नाय?" एवढंच म्हणाली. सुरमईवर बर्फ टाकला, शेजारणीला "माजी पाटी बघ गो" म्हणून सांगितलं आणि माझ्या मनगटाला धरून चालायला लागली. तिच्या हाताला मासळीचा वास होता. दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या टेबलावर ती माझ्याआधी बसली.

त्यानंतरचं भराभर झालं. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग जाड सुईने तुकडा काढला. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागले. त्या आठ-दहा दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. रिपोर्ट आला, कॅन्सरच होता. काखेतही एक गाठ लागत होती.

आता कुडाळवालीबद्दल सांगायला हवं. बी.एड.ला आम्हा मुलींमध्ये एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत पडली होती. मी मालवणवाली. आणखी दोघी जवळच्या, एक कुडाळवाली, एक बांदेवाली. कुडाळवाली मराठी शाळेत गणित शिकवते. पाठनियोजनाच्या वह्यांना रंगीत कागदाची कव्हरं घालणारी आमच्या बॅचमध्ये ती एकटी. तिला कळल्यावर ती रडली नाही, एक फाइल घेऊन आली. त्यात कप्पे केलेले. रिपोर्ट, फोटो, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या बिलाचे कागद. "मुंबईला जाताना नुसता रिपोर्ट चालत नाही. तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्याही न्याव्या लागतात. ते लोक परत तपासतात," ती म्हणाली. हे तिला कुठून कळलं, मी विचारलं नाही. तिने चार जणांना विचारलं होतं, म्हणजेच चार जणांना सांगितलं होतं.

यावरून आमचं भांडण झालं. बॅचच्या बायकांनी पैसे जमवले होते आणि कोणी किती दिले ते तिने वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही बघून माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, मी काय जकातीला बसले आहे? पगार घेते मी. ती म्हणाली, ही यादी तुला उपकार आठवावेत म्हणून नाही, हिशोब माझा आहे. मी पाकीट परत केलं. तिने ते माझ्या सासूबाईंकडे दिलं. सासूबाईंनी ते कपाटात कुराणशरीफच्या खणाच्या खाली ठेवलं आणि मला सांगितलंच नाही. तिसऱ्या केमोनंतर, शाळेचा पगार अडकला तेव्हा, त्यांनीच काढून दिलं. सासूबाईंना मी वर्षानुवर्षं चुकीचं ओळखत होते, हेही इथे लिहायला हवं. त्यांनी मला एकदाही 'आधी का नाही सांगितलंस' म्हणून विचारलं नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि त्यात चिमूटभर मीठ, सहा महिने, न चुकता.

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलबद्दल आपल्याकडे 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं तरी माणसं गप्प होतात. मीही त्याच भीतीने गेले. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघायचं आणि सकाळी दादर. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे आम्ही राहिलो. गाडगेबाबांनी आयुष्यभर गरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, हे मी मुलांना शिकवलं होतं. तिथल्या खाटेवर आपण झोपू असं वाटलं नव्हतं. माझ्या एका बाजूला बिहारची एक आजी, दुसऱ्या बाजूला बंगालची तरुण मुलगी. फजरला मी चादर अंथरली तर बिहारची आजी सरकून जागा करून द्यायची.

हॉस्पिटल १९४१ च्या २८ फेब्रुवारीला सुरू झालं. दोराबजी टाटांची पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्या दुःखातून ते उभं राहिलं. आज ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. समोरचा रस्ता डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचा, याच हॉस्पिटलमधले हे मोठे शल्यचिकित्सक. रांगेत उभं राहून मी या पाट्या वाचायची. रांग म्हणजे काय ते तिथे समजतं. पण रांगेत एक गोष्ट झाली. चार महिने मी जे लपवलं होतं ते तिथे प्रत्येकीच्या हातातल्या फाइलवर लिहिलेलं होतं. बायका एकमेकींना विचारत होत्या, "तुमची कितवी?" जणू एस.टी.ची फेरी.

पहिली चार औषधं तीन-तीन आठवड्यांनी, जानेवारी ते मार्च २०२३. त्यातलं एक लाल रंगाचं, शिरेतून जाताना सरबतासारखं दिसतं. त्यानंतर लघवीही लाल होते. आधी सांगितलेलं नसतं तर मी घाबरून मेले असते. अठराव्या दिवशी केस हातात यायला लागले. मासेवालीने मला अंगणात पाटावर बसवलं आणि कात्रीने सगळे काढून टाकले. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "अम्मी, आता शाळेत सगळ्यांना कळेल?" मी म्हटलं, नाही, ओढणी असते ना. खरंच कोणाला कळलं नाही. भुवया गेल्या तेव्हा कळलं.

नंतरची बारा औषधं दर आठवड्याला. ती लिहून आणून जवळच्या शहरात घेतली. पहिली तीन आली ती रमजानमध्ये. आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे मला माहीत आहे, मी इतरांना सांगतेही. पण दुपारी सगळं घर रोजाने असताना आपण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाठ करून खायचं, तो घास उतरत नाही. हे कुडाळवालीला एकदा फोनवर बोलून गेले. पुढच्या शनिवारी दुपारी ती एस.टी.ने आली, नाचणीची आंबील घेऊन. माझ्यासमोर बसून ती जेवली. नंतरच्या शनिवारीही आली. तिसऱ्या शनिवारी आली तो ईदचा दिवस होता, तेव्हा मात्र तिने आंबील आणली नाही, शिरखुर्मा दोन वाट्या खाल्ला.

याच काळात बोटं बधिर झाली. या औषधाने होतं तसं. खडू हातातून पडायचा. आमच्या मुख्याध्यापकांनी माझे तास स्वतः घेतले. ते इतिहासाचे. त्यांनी विज्ञान कसं शिकवलं ते मुलं अजून सांगतात आणि हसतात.

बांदेवालीबद्दल लिहायचं टाळत होते. तिघींमध्ये ती माझ्या सर्वात जवळची. वसतिगृहात एका ताटात जेवलेल्या आम्ही. तीही उर्दू शाळेतच शिकवते. तिला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. तिने फोन केला, 'अल्लाह शिफा देगा' म्हणाली, आणि नंतर आठ महिने तिचा फोन नाही, येणं नाही. मी केला तर उचलायची नाही. केमोच्या खुर्चीवर बसून मी तिच्याशी मनात जितकी भांडले तितकी आजाराशीही भांडले नसेन. कुडाळवाली म्हणायची, सोड. तिची आई याच आजाराने गेली होती, आम्ही बी.एड.ला असतानाच. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही राग जात नव्हता.

त्या रागाच्या भरात कुडाळवालीने एकदा समजूत काढायला म्हटलं, "मैत्रिणी सोबत असल्या की कॅन्सरवाली जास्त जगते, असं संशोधन आहे म्हणे." मी विज्ञानाची बाई. शोधलं. तर १९८९ साली डेव्हिड स्पीगल या अमेरिकन डॉक्टरांनी तसं लिहिलं होतं खरं. छातीचा कॅन्सर शरीरभर पसरलेल्या ८६ बायकांपैकी ज्यांचा गट दर आठवड्याला एकत्र बसून बोलत होता, त्या सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. जगभर गाजलं. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य काही वाढलेलं दिसलं नाही. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा करून पाहिला, तरी नाही. मात्र कॅनडातल्या त्या बायकांचं मन हलकं झालं आणि दुखणं कमी जाणवलं, हे दिसलं. मी कुडाळवालीला हे वाचून दाखवलं. ती जराशी हिरमुसली. मी म्हटलं, अगं, दुखणं कमी होतं हे थोडं आहे का? आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. नाहीतर ज्या बाईला कोणी नाही ती लवकर मेली तर तिचीच चूक, आणि माझी गाठ वाढली तर बांदेवालीची, असा हिशोब झाला असता.

शस्त्रक्रिया जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठरली. नवऱ्याची रजा सप्टेंबरची मंजूर झालेली, आधी मिळेना. कुडाळवालीची शाळा. मग मासेवाली म्हणाली, मी येते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू होतं, गाडी रेंगाळत गेली. वॉर्डात सिस्टरने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" ही म्हणाली, "शेजारीण." "सख्खं कोणी नाही आलं?" तर ही ताठ झाली. "मी धंदो बंद करून इलंय, आणि सख्खो कोण होयो?" मला हसू आलं. धंदा तिचा एक जूनपासून बंदच होता. मासेमारीची बंदी एकतीस जुलैपर्यंत असते.

स्तन वाचला, गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. काखेतून एक नळी आणि तिला प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाणी साठतं. ते रोज मोजायचं आणि दिवसाचं माप तीस मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. धर्मशाळेत मासेवालीने ते बारा दिवस मोजलं. तिने हिशोबाची वही आणली होती. एका पानावर मे महिन्याची उधारी, कोणाचे बांगडे, कोणाची कोळंबी, आणि पुढच्या पानावर माझं पाणी: ११०, ९०, ९५, ७०. ९५ लिहिताना तिने भुवया चढवल्या, जणू मीच भाव वाढवला.

घरी परतल्यावर ती पहिल्यांदा आली ती कुर्ल्या घेऊन. कुर्ली खावी की नाही यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. सासूबाई शिवत नाहीत, मी खाते. सासूबाई म्हणाल्या, नाव तरी बघ काय त्याचं, सरतान. मासेवालीला उर्दू येत नाही. समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "मगे बराच झाला. आता तूच तेका खा."

सप्टेंबरात नवरा आला. रेडिएशनचे पंधरा दिवस तो बरोबर होता. बोलला कमी. त्याला एवढंच खटकत होतं की बाजारात सांगितलंस आणि मला नाही. या प्रश्नाला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही.

आता रोज एक गोळी, पाच वर्षं. डाव्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हातावर सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही. शाळेच्या पालकसभेनंतर आता मी आयांना दहा मिनिटं थांबवून ठेवते. बाप लोकांना बाहेर चहाला पाठवते. त्यांना टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांत केलेल्या कामाबद्दल सांगते. १९९८ पासून वीस वर्षं, दीड लाख बायका. त्यातल्या अर्ध्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासणी केली, मशीन नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यांच्यात आजार लवकरच्या पायरीवर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू तसे घटलेले दिसले नाहीत, हेही सांगते, कारण खोटी आशा मला आवडत नाही. तरी चार महिने लपवू नका, एवढं सांगण्याचा हक्क मला आहे. बायका ओढणीआड हसतात. एक-दोघी मागे रेंगाळतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात बांदेवालीचा फोन आला. इतक्या काळात पहिलाच. सलाम केला, मुलीची चौकशी केली, आंबे कसे आहेत विचारलं. मग गप्प झाली. मी वाट पाहिली. म्हणाली, "उजव्या बाजूला काहीतरी लागतंय. तीन आठवडे झाले." माझ्या तोंडावर आलेलं सगळं मी गिळलं. विचारलं, "घरी सांगितलंस?" म्हणाली, "नाही. तू येशील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोन तास बसलो. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, वसतिगृहात परीक्षेआधी करायची तसं. नाव पुकारलं तेव्हा तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. साधी गाठ निघाली, पाण्याची. डॉक्टरबाईंनी सहा महिन्यांनी परत यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर आम्ही स्टँडवर चहा घेतला. त्या आठ महिन्यांबद्दल ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. माझी गाडी आधी लागली. खिडकीतून तिने एक पिशवी आत दिली, त्यात फणसाची सांदणं होती, अजून गरम. नोव्हेंबरात तिची तारीख होती, तेव्हा मी परत गेले.